पिचकारीची प्लेट

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, प्लेटा काढतो. त्यावर समोरचा हमखास विचारतो, कोणत्या हॉटेलात? बीडमध्ये उभी हयात गेली, तरी हा प्रश्न काही सुटला नाही. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, सभेची पत्रकं, यातला कुठलाही कागद खिशातून काढा, तो आधी माझ्या हाताखालून गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. पण खाली नाव असतं छापखान्याचं. प्लेटवाल्याचं नाव कुणी छापत नाही. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, पण या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा अशी गळ घातली गेली तेव्हा म्हटलं, चला अन्वरमियाँ, एकदा आपलंही नाव छापून येऊ दे.

आधी प्लेट म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे हॉटेलचा विषय संपेल. छोट्या ऑफसेट मशीनवर अक्षरं थेट कागदावर उमटत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा असतो, तीच प्लेट. तिच्यावर अक्षरांच्या जागी तेलकट थर असतो, बाकीची जागा उघडी. मशीन तिला आधी पाणी पाजते, मग शाई. उघड्या जागेवर पाणी बसतं आणि शाईला हाकलून लावतं. तेलकट जागा पाण्याला जवळ करत नाही, ती शाई धरून ठेवते. ती शाई रबरावर जाते, रबरावरून कागदावर. सगळा खेळ तेल आणि पाणी यांच्या भांडणाचा आहे. एवढं लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला मी प्लेटा उन्हावर काढायचो. हसू नका. उजेड लागला की पक्का होणारा मसाला लावलेली प्लेट, तिच्यावर मजकुराचा पारदर्शक कागद, वरून काच, असं सगळं घट्ट आवळून गच्चीवर न्यायचं आणि उन्हाला तोंड करून उभं राहायचं. मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि पळत खाली येऊन प्लेट औषधात धुवायची. बीडच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, मी कधी घातली नाही. फुकटात एवढा मोठा दिवा कोण देतो? आभाळ आलं की मात्र धंदा बंद. पुढे दिव्याची पेटी घेतली, तर दिवा आला आणि वीज गेली.

मग संभाजीनगरला मोठ्या लेझरच्या मशीन आल्या. त्यांच्या प्लेटा देखण्या, यात वाद नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत प्लेट बाहेर. आमच्या गल्लीतले छापखाने कॉम्प्युटरवरून मजकूर तिकडे पाठवू लागले आणि प्लेटा एस.टी.ने येऊ लागल्या. म्हणजे प्लेट निघायला क्षणभर आणि बीडला यायला दिवसभर. गाडी गेवराईपाशी बंद पडली की इकडे बशीरगंजातल्या गल्लीत मशीनवाले हातावर हात ठेवून बसलेले, आणि नवरीचा बाप दारात उभा. माझ्याकडचं काम आटत चाललं होतं. तेव्हा घराच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेले पैसे काढून मी इंकजेटवर प्लेट काढायची मशीन आणली.

ही मशीन दिसायला ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरसारखीच. पण कागदाऐवजी तिच्यात कोरा पत्रा घालायचा. तिचं हेड इकडून तिकडे फिरत पत्र्यावर बारीक थेंबांनी एक खास द्रव मारतं, अक्षरांच्या जागी. मग पत्रा हीटरमधून काढायचा, तो द्रव पक्का होतो. वरून पातळ गोंद फिरवायचा, म्हणजे उघड्या जागेला हवा आणि हात लागत नाही. झाली प्लेट. अंधारी खोली नाही, फिल्म नाही, औषधाच्या बादल्या नाहीत, ते औषध मोरीत ओतताना होणारी मनाची चुळबुळ नाही. पहिली प्लेट निघाली तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्यासमोर नुसता बसलो होतो. आयुष्यभर ज्या कामासाठी ऊन, दिवा, औषध आणि देवाची मर्जी लागायची, ते काम ही बया गुणगुणत करत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि ते अजून ओसरलेलं नाही.

वेगाचं विचाराल तर खोटं कशाला बोलू, लेझरच्या पुढे ती गोगलगाय आहे. समोरच्या टपरीवर चहा सांगावा, तो यावा, पिऊन व्हावा, तेवढ्यात एक प्लेट. पण तिला एस.टी. लागत नाही. बीडमध्ये काढलेली प्लेट बीडमध्येच असते, आणि हा हिशेब गल्लीतल्या कुणालाही बोटं न मोजता कळत होता.

खर्चाचं मात्र मला शिकावं लागलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पत्रा, द्रव, गोंद, थोडी वीज, बस्स. त्यानं हे सांगितलं नाही की ही काम करताना खाते आणि काम नसतानाही खाते. दोन दिवस बंद ठेवली की हेडच्या बारीक भोकांत द्रव वाळतो. मग ते साफ करायला तोच महागाचा द्रव पाण्यासारखा सोडायचा. आमच्या उन्हाळ्यात तर सकाळची ओल दुपारी टिकत नाही. म्हणून काम असो नसो, रोज तिच्याकडून थोडंसं काहीतरी काढून घ्यायचं आणि खोली थंड ठेवायची. घरातला कूलर मी दुकानात आणला आणि त्याचं तोंड मशीनकडे केलं. यावर बायको एवढंच म्हणाली, "मशीनला कूलर आन् माणसांना पुठ्ठा." मी पुठ्ठ्यानं वारा घेत राहिलो.

पण मशीन घेऊन काय उपयोग, प्लेट घेणारा हवा. आणि आमच्या गल्लीत कुठली प्लेट चांगली, कुठली वाईट, हे एकच माणूस ठरवायचा, तो म्हणजे दगडूमामा.

दगडूमामांची एकच छोटी ऑफसेट, तीही जुनी. पण त्या मशीनला दुसऱ्याचा हात त्यांनी कधी लागू दिला नाही. आवाजावरून रोलर कुठे कोरडा पडलाय ते सांगायचे. डोक्याला आवळ्याचं तेल चोपडलेलं, कपाळापर्यंत ओघळलेलं, अंगात बनियन. आणि त्यांची एक रीत होती. प्लेट हातात आली की मशीनवर चढवण्याआधी तिची वरची कड दोन्ही हातांनी धरायची, डोळे मिटायचे आणि प्लेट कपाळाला लावायची. इतरजण खंडेनवमीला मशीनला हार घालतात आणि वर्षभर लाथा मारतात. मामा प्रत्येक प्लेटला मान द्यायचे, मग ती मंगल परिणयाची असो की कोंबडी खाद्याच्या जाहिरातीची. मी हे इतकी वर्षं पाहत होतो की पाहणंच विसरून गेलो होतो.

तर मामांनी माझ्या मशीनचं नाव ठेवलं पिचकारी. "आन्वर, तुजी पिचकारी काय मनती?" असं रोज विचारायचे. गल्लीत मग सगळे तेच म्हणू लागले. मला राग यायचा, पण मामांनी नाव ठेवलं म्हणजे निदान दखल तरी घेतली, अशी मी समजूत घालायचो. त्यांनी माझ्या प्लेटा वापरून पाहायला सुरुवात केली आणि गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. मामा हो म्हणाले तर सगळे माझ्याकडे येणार होते. मामा नाही म्हणाले तर सगळं काम परत एस.टी.त बसणार, आणि माझ्या घराचा वरचा मजला कूलरची हवा खात दुकानात पडून राहणार.

आणि नेमका मामांच्याच छपाईत डाग येऊ लागला.

कागदाच्या वरच्या बाजूला, मधोमध, केळ्याच्या आकाराचा एक राखाडी पट्टा. रोज नाही, अधूनमधून. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाल्याच्या बिलबुकावर आला, मग एका शाळेच्या निकालपत्रावर आला. मामा तो औषधानं घासून काढायचे, पण त्याबरोबर शेजारची अक्षरंही फिकी व्हायची. दुसऱ्या कुणाच्या छपाईत मात्र डागाचा पत्ता नाही. बाबूचा छापखाना शेजारीच, त्याच्याकडे त्याच मशीनची, त्याच दिवशीची प्लेट लख्ख छापली जायची. मी हेड साफ केलं, हीटर तपासला, गोंद बदलला, पत्र्यांचा गठ्ठा बदलला. दुकानात प्लेट डोळ्यांसमोर धरून पाहावी तर आरशासारखी स्वच्छ. मामांकडे गेली की डाग.

मामा चिडले नाहीत, तेच जास्त टोचलं. एवढंच म्हणाले, "पोरी, तुज्या पिचकारीला गळती लागली बग." रागात नसले की ते मला पोरी म्हणायचे, का ते त्यांनाच ठाऊक.

अशात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. आमच्या धंद्यात चिन्हवाटपाच्या दिवसासारखा दिवस नाही. तोवर उमेदवाराला स्वतःलाच माहीत नसतं की आपण छत्री आहोत की कपबशी. दुपारी तहसीलमध्ये चिन्हं वाटली की सगळे तिथून थेट आमच्या गल्लीत धावतात, आणि सगळ्यांना पत्रकं आजच हवी असतात.

शोभाताई त्या दिवशी पहिल्या आल्या. बीडजवळच्या पालीकडच्या एका गावातून सरपंचपदाला उभ्या होत्या, गावात शिवणकाम करायच्या. त्यांनी शिलाई मशीन मागितली होती, मिळाली कढई.

"कढई तर कढई," त्या पिशवी टेबलावर ठेवत म्हणाल्या. "समद्यायला तळते आता. पर मामा, पत्रकं आजच पायजेत. उद्या दिस उगवायला ऊसतोडीच्या टोळ्या निघत्यात. माझी निम्मी मतं त्या ट्रॅक्टरात बसून जानार. मतदानाला येतेत ते, पर चिन्ह माहीत नसलं तर आल्याचा काय उपेग?"

खरंच होतं ते. टोळीतली माणसं मतदानाच्या दिवशी गाडी करून येतात, बटण दाबतात आणि परत फडात. संध्याकाळी पत्रक हातात पडलं तर कढई त्यांच्याबरोबर कारखान्यापर्यंत जाणार होती. संभाजीनगरची प्लेट उद्या दुपारी आली असती, आणि तेव्हा गाव रिकामं झालेलं असतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "काढ तुजी पिचकारी."

मी जीव ओतून प्लेट काढली. वर मधोमध शोभाताईंचा फोटो, खाली ही भली मोठी कढई, अगदी खाली कायद्याप्रमाणे मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या. हीटरमधून काढली, गोंद फिरवला, स्वतः नेऊन मामांच्या हातात दिली. तोवर मामांच्या दारात गर्दी जमली होती. बाबू होता, गल्लीतले इतर मशीनवाले होते, दुसरे उमेदवारही होते. सगळे एवढंच बघायला आलेले की पिचकारीची प्लेट चालते का, म्हणजे आपापली कामं कुठं द्यायची ते ठरवता येईल.

मामांनी मशीन सुरू केली. पहिले कागद वाया जातातच, त्यानंतरचा त्यांनी उचलला आणि उजेडात धरला. शोभाताईंच्या फोटोवर, बरोबर भांगाच्या वर, राखाडी पट्टा.

"आवो मामा," शोभाताई म्हणाल्या, "माझ्या डोस्क्यावर ह्ये ढग कावून आनलंय? लोकं मनतील, बाईवर आत्तापासूनच संकट हाय."

कुणीतरी हसलं. बाबू म्हणाला, "मी मनलो नव्हतो का? यष्टीचीच बरी."

मी मशीन थांबवायला सांगितली, प्लेट उतरवून घेतली आणि ओला स्पंज फिरवला. सगळीकडे पाणी बसलं, तेवढ्या पट्ट्यावर बसेना. म्हणजे तिथे तेल होतं. माझा द्रव तिथे पडलाच नव्हता, मग तेल आलं कुठून? मी प्लेट नाकाजवळ नेली. आवळा!

एका क्षणात सगळं समजलं. पूर्वीच्या माझ्या प्लेटांवर मी हातानं जाड गोंद फासायचो, एस.टी.च्या प्लेटांवरही तो असायचाच. मामा गोंदासकट प्लेट कपाळाला लावायचे, मशीनवर चढवायचे आणि मग पुसायचे. तेल गोंदाबरोबर निघून जायचं. नव्या प्लेटसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं की गोंद आधी टेबलावरच धुवा. मीच ते वाचून सगळ्यांना तसं सांगितलं होतं. मामा सांगितल्याप्रमाणे आधी धुवायचे. मग उघड्या प्लेटला कपाळ लावायचे. ताजं तेल लावलं असेल त्या दिवशी डाग, नसेल त्या दिवशी नाही.

उत्तर ओठांवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मामा, तुमचं कपाळ छापलं जातंय. माझी मशीन निर्दोष ठरली असती, आणि गल्ली पोट धरून हसली असती. त्या माणसानं आयुष्यभर डोळे मिटून जे केलं, त्याचा चहाच्या टपरीवर विनोद झाला असता. आणि उद्यापासून मामांनी प्लेट कपाळाला लावली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्यानं ते बोलवलं नाही. मी म्हणालो, "मामा, थांबा. दुसरी काढतो."

"म्हंजे पिचकारीचीच चूक," बाबू म्हणाला. मी ते ऐकून घेतलं आणि दुकानाकडे पळालो.

प्लेट निघेपर्यंत मी तिच्याशी मोठ्यानं बोलत होतो असं समोरचा टपरीवाला नंतर सांगत होता. या खेपेला पातळ गोंदावर मी हातानं जाड गोंद फासला, अगदी जुन्या पद्धतीनं. धापा टाकत परत आलो आणि मामांना म्हणालो, "ही आधी धुऊ नका. मशीनवर चढवा, मग पुसा. पहिल्यासारखं."

मामांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग प्लेट घेतली, डोळे मिटले, कपाळाला लावली, चढवली, पुसली. रोलर फिरले. कागद बाहेर आला, लख्ख. शोभाताई हसतमुखानं कढईवर उभ्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि दारातल्या गर्दीला वर धरून दाखवला.

मामांनी मशीन चालू ठेवली. कागद पडत होते. एका हातानं गठ्ठा सारखा करता करता त्यांनी टेबलावरची पहिली प्लेट ओढली, तिच्यावर ओला स्पंज फिरवला आणि त्या पट्ट्याकडे पाहिलं. मग बोट कपाळावरून फिरवलं आणि त्या बोटाचा वास घेतला. मग प्लेटचा. मी दुसरीकडे बघू लागलो.

मशीन थांबली. मामा दाराकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबू, इकडं ये बे."

बाबू आला. मामांनी ती खराब प्लेट स्वतःच्या कपाळाला लावून दाखवली. पट्टा आणि कपाळ एकमेकांवर तंतोतंत बसले.

"ह्यो डाग कुनाचा हाय?"

बाबू वाकून मामांचं कपाळ बघू लागला.

"माजा हाय. पिचकारीचा न्हाई. महिनाभर मी ह्या पोराच्या मशीनला नावं ठिवली, आन् छापीत व्हतो माजं सोताचं डोस्कं. ह्याला वासावरनं कळलं व्हतं. तरी ह्यानं चारचौघांत शबूद काडला न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कावून न्हाई बोललास बे?"

मी म्हणालो, "मामा, तुमी मग टेकवनं सोडलं असतं."

यावर मात्र कुणी हसलं नाही. सगळ्यात आधी शोभाताई बोलल्या, "मामा, ह्ये झालं ते झालं. ते ढगवालं एक पत्रक मला द्या. तुमी समद्यांत आधी माझ्याच फोटोवर डोस्कं टेकवलं, गावात सांगते मी." मग गल्ली हसली, आणि मामा सगळ्यांत जास्त.

दिवस मावळायच्या आत पत्रकं जीपमध्ये पडली. त्या संध्याकाळी बाबूसकट सगळ्यांच्या प्लेटा माझ्याकडूनच निघाल्या. गल्लीभर छत्र्या, शिट्ट्या, कपबश्या वाळत पडल्या होत्या. कढई निवडून आली. त्यात माझ्या मशीनचा किती वाटा आणि शोभाताईंच्या जिभेचा किती, याबद्दल मला भ्रम नाही, पण थोडा वाटा मी धरतो.

आता मामांच्या प्लेटला मी जाड गोंद वेगळा लावतो. मशीनला त्याची गरज नाही आणि त्यात माझा वेळ जातो, पण तो मी खर्चात धरत नाही.

त्या दिवसानंतरच्या सकाळी मामा स्वतः दुकानात आले. इतके दिवस ते प्लेट मागवून घ्यायचे, दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. कूलरसमोर चाललेल्या मशीनपाशी ते उभे राहिले. हेड इकडून तिकडे जात होतं, पत्र्यावर एकेक ओळ उमटत होती. मग त्यांनी टोपी काढली, उपरण्यानं कपाळ दोनदा खसाखसा पुसलं आणि मशीनच्या झाकणावर हात ठेवून अगदी हळू विचारलं, "पोरी, इथं टेकवलं तर छापनार न्हाई ना?"

"न्हाई मामा," मी म्हणालो. "टेकवा."